पन्नासावी जोडी

"पीठ मळताना किंवा पाण्याने भरलेली कळशी उचलताना तुम्हाला त्रास होतो का?"

"कुठल्या हातानं?" अक्काताई मगदूम यांनी विचारलं.

"तसं काही लिहिलेलं नाही. एकंदरीत."

"एकंदरीत म्हंजे उजवा हात चांगला हाय. डावीकडं ऑपरेशन झालंय, तो हात जरा ओढतोय. मग थोडा लिवायचं का बराच?"

"ते तुम्ही सांगायचं. मी सुचवायचं नसतं."

"आसं हाय व्हय," त्या हसल्या. "मग थोडा लिवा."

मी दोनच्या आकड्याभोवती गोल केला. अजिबात नाही म्हणजे एक, थोडा म्हणजे दोन, बराच म्हणजे तीन, खूप म्हणजे चार. प्रश्न चोवीस आणि प्रत्येकाला या चारांतलं एकच उत्तर. आधीच्या आठ प्रश्नांनाही त्यांनी असंच आपल्या शरीराची नीट वाटणी करून उत्तर दिलं होतं. मला घाई होती, पण त्यांचं काही खोडून काढता येत नव्हतं.

याला आता बारा वर्षं झाली. मार्चची दहा तारीख होती. कर्करोगाच्या आमच्या रुग्णालयात ओपीडीच्या टोकाला एक खोली होती. एरवी तिथे सलाइनचे रिकामे खोके ठेवत. त्या खोक्यांतच माझं टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आजारात माणसाचे दिवस कसे जातात हे मोजायची एक प्रश्नावली परदेशात तयार झाली होती. ती मी मराठीत आणली होती. मग मूळ कागद न पाहिलेल्या एका गृहस्थांनी माझं मराठी पुन्हा इंग्रजीत नेलं, दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून समितीने त्यांचा कीस काढला. नववा प्रश्न मुळात बागकामाचा होता. आमच्याकडच्या पेशंटांना कसली बाग? दोन बैठका घालवून आम्ही त्या बागेचं पीठ केलं. त्यावर अर्धे पुरुष म्हणायचे, ते घरच्या बायका बघतात.

आता शेवटचा टप्पा चालू होता. ज्यांची तब्येत स्थिर आहे अशा पन्नास रुग्णांना आज प्रश्न विचारायचे आणि पंधरा दिवसांनी तेच पुन्हा विचारायचे. तब्येत तशीच असेल तर उत्तरंही साधारण तशीच यायला हवीत. नाही आली तर माणूस प्रश्नाचा अर्थ दर वेळी वेगळा लावतोय, म्हणजे भाषांतर कच्चं, आणि भाषांतर माझं. एकतीस मार्चपर्यंत पन्नास जोड्या हव्या होत्या. अक्काताई पन्नासाव्या होत्या.

आणखी एक सांगायला हवं. त्या काळात मला काही वाटायचं बंद झालं होतं. नोव्हेंबरात सातव्या महिन्यात माझं मूल पोटातच गेलं. पंधराव्या दिवशी मी कामावर आले. लोकांना वाटलं, धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. मी सकाळी उठत होते, डबा भरत होते, लोकांना "गेल्या आठवड्यात तुम्हाला उदास वाटलं का?" असं विचारत होते आणि आकड्याभोवती गोल करत होते. जेवणाला चव नव्हती आणि ती नाही याचं वाईटही वाटत नव्हतं.

चोवीस प्रश्न संपले. अक्काताईंना उठायची घाई नव्हती.

"मी बी हेच केलं बगा जलमभर," त्या म्हणाल्या. शिरोळकडच्या होत्या. तिकडच्या बायका स्वतःबद्दलही आलो-गेलो असंच बोलतात. "एकतीस वर्सं अंगणवाडीत हुतो. पोरांची वजनं करायची, वहीत लिवायची. म्हयन्याला मोठ्या बाई यायच्या तपासायला. मागच्या म्हयन्याचा आकडा आन ह्या म्हयन्याचा आकडा बसला न्हाई की लाल गोल. पोराला ताप आलाय, जुलाब झाल्यात, ते कोण इचारतंय? लिवणारीनं चुकी केली, मिटलं."

"इथेही तसंच आहे," मी म्हणाले.

हे बोलायचं नसतं. उत्तरं देणाऱ्याला कशाची तपासणी चाललीये ते कळता कामा नये, हे मीच नव्या मुलींना शिकवत असे. पण एकदा बोलले ते पुढेही बोलले. "पंधरा दिवसांनी मी तुम्हाला हेच विचारणार. उत्तरं जुळली नाहीत तर माझं काम चुकलं असं धरतात."

"म्हंजे लाल गोल तुमाला."

"मला."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "मुलंबाळं?"

"नाही."

"झालं न्हाई का ऱ्हायलं न्हाई?"

असं मला कोणी विचारलं नव्हतं. लोक विषय बदलत. "राहिलं नाही," मी म्हणाले. "सातवा महिना होता. मुलगी."

"वजन केलंतं?"

"केलं. अकराशे ग्रॅम."

"अकराशे," त्या हळूच म्हणाल्या. वहीत लिहिताना पुटपुटावं तसं. मी उठून बाहेर गेले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. तो चहाला गेला होता, त्याला शोधण्यात पाचेक मिनिटं गेली. परत आले तेव्हा अक्काताई चष्मा पिशवीत ठेवत होत्या.

"येतो बाई," त्या म्हणाल्या. "पंधरा दिसांनी."

*

पंचवीस मार्चला त्या नवऱ्याच्या हाताला धरून आल्या. बाळगोंडा मगदूम उंच, वाळक्या अंगाचे, पांढरी टोपी घातलेले. मागच्या वेळी ते दारातूनच परत फिरले होते. या वेळी आत आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, हिची पाठ लई—"

"तुमी भाईर बसा," अक्काताई म्हणाल्या. "हितं घरची माणसं चालत न्हाईत. व्हय की न्हाई, बाई?"

"नाही चालत," मी म्हणाले. नियमच होता. घरचं माणूस बसलं की तेच उत्तरं देतं.

ते बाहेर गेले. अक्काताई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. पाठ टेकवली नाही. मी पहिला प्रश्न वाचायला घेतला, तो संपायच्या आत त्या म्हणाल्या, "थोडा." दुसरा अर्ध्यावर असताना "अजिबात न्हाई." हात कुठला, वेळ कुठली, या वेळी काही विचारणं नाही. नवव्यालाही थेट "थोडा."

"दुखण्यामुळे रात्री झोपमोड होते का?"

"अजिबात न्हाई."

त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी एकाभोवती गोल केला.

"हातापायांना मुंग्या येतात किंवा ते बधिर पडतात का?"

"अजिबात न्हाई."

चोवीस प्रश्न सात मिनिटांत झाले. पहिल्या खेपेला पाऊण तास लागला होता. शेवटी वेगळा एक प्रश्न असायचा, मागच्या भेटीपासून तब्येत सुधारली, तशीच आहे की बिघडली? तशीच असेल तरच ती जोडी धरायची.

"तशीच," त्या म्हणाल्या.

टेबलाला धरून उठल्या, दारापर्यंत गेल्या. त्यांची डावी चप्पल खुर्चीखाली राहिली होती. एका पायात चप्पल, एक पाय फरशीवर, आणि त्यांच्या चालण्यात काही फरक नाही.

"अक्काताई, चप्पल राहिली."

त्यांनी खाली पाहिलं. आपल्याच पायाकडे क्षणभर बघत राहिल्या. "आता बगा," त्या हसत म्हणाल्या, "म्हातारपण." मी चप्पल नेऊन त्यांच्या पायापाशी ठेवली. पाय आत घालताना त्यांना दोनदा वाकून बघावं लागलं.

डॉक्टर घाटगे दहा पावलांवर बसत. आधी प्रश्नावली, मग डॉक्टर, असा क्रम होता, कारण डॉक्टरांशी बोलणं झालं की माणूस त्यांच्याच शब्दांत उत्तरं देऊ लागतो. हा नियम समितीत मीच मांडला होता. भरलेल्या कागदाची कार्बन प्रत फाइलला लावली की ती पेशंटबरोबर आत जायची. मी ती लावली. त्या दिवशी घाटग्यांकडे नव्वद पेशंट होते. दार उघडंच होतं, त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

"काय मगदूमबाई, काही त्रास?"

"काय न्हाई, सायेब. बरी हाय."

"पाठ? हाडं? कुठे दुखतंय?"

फाइल उलटल्याचा आवाज आला. मग अक्काताई म्हणाल्या, "न्हाई."

"कागदही चांगला दिसतोय. तीन महिन्यांनी या."

बाहेर पडताना बाळगोंडांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं हे मला कळलं. मी दहा पावलं जाऊन घाटग्यांना चपलेचं सांगू शकले असते. नियम आड येत होता असं मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. उत्तरदात्याच्या कारभारात विचारणाऱ्याने पडायचं नाही, असं माझ्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं होतं. पण खरं कारण ते नाही. चप्पल मी पाहिली, पाठ मी ऐकली, आणि माझ्या आत काही हललं नाही. पन्नास जोड्या झाल्या एवढंच मनात आलं, आणि त्याचाही आनंद झाला नाही.

संध्याकाळी डॉक्टर हर्डीकरबाईंनी सगळे कागद तपासले. हा सगळा प्रकल्प त्यांचा. अक्काताईंच्या जोडीवर त्या थांबल्या.

"चोवीसपैकी चोवीस. सुनीती, असं कधी होतं का? मी स्वतः दोनदा भरलं तरी चार-पाच ठिकाणी इकडे-तिकडे होईल."

"पेशंट स्थिर आहे, बाई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि कागद गठ्ठ्यात ठेवला.

*

सोळा एप्रिलला अक्काताईंना जीपमध्ये आडवं घालून आणलं. मला ते दुपारी कळलं, तेही घाटग्यांनी बोलावून घेतलं म्हणून. त्यांच्या टेबलावर मणक्याची फिल्म होती आणि शेजारी मी भरलेला कागद.

"मणक्यात पसरलंय. मज्जारज्जूवर दाब आलाय," ते म्हणाले. "कमरेखाली काही कळत नाही. आज सहावा दिवस. हे लवकर कळलं तर पाय वाचवता येतात. आधी पाठ दुखते, मग मुंग्या, मग बधिरपणा. दोन-तीन आठवडे तरी आधी सुरू झालं असणार. पण हे बघा ना," त्यांनी माझा कागद उचलला, "पंचवीस मार्चला झोपमोड नाही. बधिरपणा नाही. तुम्ही नीट विचारलं होतं ना?"

"शब्दाला शब्द विचारलं होतं."

"मग काय करणार," ते म्हणाले. ते मला दोष देत नव्हते.

वॉर्डात अक्काताई उताण्या पडल्या होत्या. बाळगोंडा पायथ्याशी स्टुलावर बसून त्यांचे तळवे चोळत होते. त्यांना ते कळत नव्हतं, तरी ते चोळत होते.

"या," अक्काताई म्हणाल्या. "जुळलं का तुमचं?"

मला आधी अर्थच कळला नाही.

"त्या कागदाचं. जुळलं न्हवं? एक बी चुकीचं गेलं न्हाई, मला ठावं हाय." मग नवऱ्याला, "अवो, ते दावा बाईंस्नी."

बाळगोंडांनी उशाखालच्या पिशवीतून एक घडी काढली. कॅलेंडरचं फाडलेलं पान. मागच्या कोऱ्या बाजूला अंगणवाडीच्या वळणदार अक्षरात एक ते चोवीस आकडे, आणि प्रत्येकासमोर दुसरा आकडा. दोन, एक, एक, एक, दोन. नवव्यासमोर दोन. झोपमोडीच्या सतराव्यासमोर एक.

"तुमी त्या माणसाला हुडकाय गेला हुतासा तवा उतरून घेटलं," अक्काताई म्हणाल्या. "पंधरा दीस रोज वाचत हुतो. पाढ्यावानी."

"मी म्हनलो हुतो," बाळगोंडा तळव्यांकडे बघतच म्हणाले. "म्हनलो, रातभर वरडतीस, ते सांग. पाय जड झालाय, ते सांग. तर म्हनली, त्या बाईला लाल गोल मिळंल. आदीच तिचं लेकरू गेलंय."

"तुमी गप बसा."

मी कॅलेंडरचं पान हातात धरून उभी होते. "पण डॉक्टरांना का नाही सांगितलंत?" मी विचारलं. "त्यांनी तर पाठीचंच विचारलं होतं."

"फाईल त्यांच्या म्होरं हुती की. कागदावर एक आन तोंडात एक, कसं चालंल? तुमी खोट्या पडला असता." त्या जरा थांबल्या. "पुढच्या खेपंला सांगायचं ठरीवलंतं. तुमची तपासनी झाल्यावर."

मला तेव्हा भीती वाटली. खूप दिवसांनी काहीतरी वाटलं आणि ते भीती होती. "माझ्यामुळे झालं हे," मी म्हणाले.

बाळगोंडांनी पहिल्यांदा मान वर केली. ते नाही म्हणाले नाहीत. अक्काताईंनी डोळे मिटून घेतले, त्यांना कळ आली होती. नर्स इंजेक्शन घेऊन आली तशी मी बाजूला झाले.

*

दुसऱ्या दिवशी मी हर्डीकरबाईंना सगळं सांगितलं. मी काय बोलून बसले ते, वजनांच्या वह्या, चप्पल, कॅलेंडरचं पान. त्यांनी गठ्ठ्यातून अक्काताईंचे दोन्ही कागद बाहेर काढले. मग म्हणाल्या, "जोडी काढून टाकू. एकोणपन्नासांवर गणित करू, परदेशातल्या कार्यालयाला तसं कळवू." त्यांनी संगणकावर अक्काताईंची ओळ खोडली आणि पुन्हा आकडेमोड केली. विश्वासार्हतेचा, म्हणजे उत्तरं किती जुळली त्याचा, आकडा आधी शून्य पूर्णांक शहाऐंशी आला होता. आता पंच्याऐंशी आला.

"फरक काहीच नाही," त्या म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी पडदा बंद केला.

प्रश्नावलीच्या डोक्यावर सूचना घालायची, असंही त्यांनीच ठरवलं. लिहिली त्यांनीच, 'उत्तरदात्याने पूर्वी नोंदवलेल्या प्रतिसादांचा संदर्भ घेऊ नये.' आमच्याकडे पद्धत अशी होती की कुठलंही नवं वाक्य आधी रुग्णाला वाचायला द्यायचं आणि काय समजलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावायचं. वाक्य हातात घेऊन मी ओपीडीत न जाता वॉर्डात गेले. का गेले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

अक्काताईंना त्यांची जोडी काढून टाकल्याचं सांगितलं आणि वाक्य पुढे केलं. त्यांनी चष्मा मागितला. कागद डोळ्यांसमोर धरून दोनदा वाचला.

"ह्यातनं कायबी कळत न्हाई," त्या म्हणाल्या.

"मग कसं लिहू?"

"लिवा की साधं. मागचं जुळवू नका, आज कसं हाय ते सांगा."

मी लिहून घेतलं.

"आन त्याच्या खाली लिवा, उत्तरं जुळली न्हाईत तर इचारणाऱ्या बाईला काय हुईत न्हाई." चष्म्यातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "न्हाई न्हवं हुईत काय? माझं काढलंसा न्हवं त्यातनं? मग तुमाला काय झालं?"

शहाऐंशीचे पंच्याऐंशी झाले होते. "काही झालं नाही," मी म्हणाले.

"कायबी न्हाई?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून उशाशी ठेवला. रागावल्या नव्हत्या. एखाद्या नव्या सेविकेला समजावून सांगावं अशा आवाजात म्हणाल्या, "मग आदीच सांगायचं न्हाई व्हय, बाई."

आता रडू येईल असं वाटलं, म्हणून मी खोक्यांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दहा मिनिटं बसले. आलं नाही. बाहेर कोणीतरी नंबर विचारत होतं, म्हणून दार उघडलं.

अक्काताई जुलैत गेल्या. बाळगोंडांनी पोस्टकार्ड टाकलं होतं. त्यात तारीख, वेळ, आणि शेवटी वजन लिहिलं होतं. एकतीस किलो. तिने तुम्हाला कळवायला सांगितलं होतं, असं खाली होतं.

त्याच वर्षी परदेशातल्या कार्यालयाचं पत्र आलं. मराठी आवृत्तीच्या पहिल्या पानावर दोन वाक्यं अशी आहेत की जी मूळ प्रश्नावलीत नाहीत आणि इतर कुठल्याही भाषेत नाहीत. त्यातलं दुसरं तर रुग्णाबद्दलचंही नाही. कारण कळवा किंवा वाक्यं काढा. हर्डीकरबाईंनी पत्र माझ्याकडे सरकवलं. मी उत्तर लिहिलं की ही वाक्यं पन्नासाव्या रुग्णाने सांगितली आहेत, आणि सोबत माझ्याकडेच राहिलेल्या त्या कॅलेंडरच्या पानाची प्रत जोडली. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. वाक्यं राहिली. आता नव्या मुली प्रश्नावली वाचून दाखवतात तेव्हा पेशंट दुसऱ्या वाक्यावर हसतात, आणि मुलींनाही ते तिथे का आहे ते ठाऊक नसतं. कोणी विचारलं तर मी सांगते, ते मोठ्याने वाच, घाई करू नकोस.